मोकळी सोडलेली फळी

पावसाळ्यात वर्गातल्या लाकडी कपाटाचं दार घट्ट बसतं आणि आपण सुताराला दोष देतो. खरं तर लाकूड दमट हवेत फुगतं, कोरड्या हवेत आकसतं. तेही सगळीकडे सारखं नाही. ओली फळी पूर्ण वाळली तर लांबीत जेमतेम ०.१ ते ०.२ टक्के आकसते. रुंदीत मात्र काही जातींची लाकडं ८ टक्क्यांपर्यंत आकसतात.

मध्ययुगीन युरोपात मोठ्या पेट्यांच्या रुंद फळ्या खिळ्यांनी जखडून टाकत. फळी आकसू पाही, खिळे हलू देत नसत. मग ती तडके. पंधराव्या शतकात तिथे यावरचा उपाय पसरला. पट्टीचं टोक दुसरीच्या भोकात बसवून चौकट करायची, आतल्या कडेला खाच पाडायची आणि त्या खाचेत पातळ फळी न चिकटवता, न ठोकता मोकळी सोडायची.

या कौशल्यावर पोट अवलंबून होतं. लंडनमध्ये सुतारांच्या दोन संघांत तंटा झाला. १६३२ मध्ये नगराच्या न्यायसभेने सांध्यांचं काम 'जॉइनर' मंडळींना आणि खिळ्यांचं 'कार्पेंटर' मंडळींना वाटून दिलं.

उन्हाळ्यात चौकटीचं एखादं जुनं, रंगवलेलं दार विद्यार्थ्यांसोबत पाहू या. मधल्या फळीच्या कडेला बिनरंगाची बारीक रेघ दिसली, तर फळी आकसल्याची ती खूण.