भंडारा जिल्ह्यातील विडी-व्यवसाय आणि औद्योगिक मानसशास्त्राचे कार्यक्षेत्र

औद्योगिक मानसशास्त्राचा इतिहास सामान्यतः कारखान्याच्या चार भिंतींच्या आत सांगितला जातो. शिकागोजवळील हॉथॉर्न कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात झालेले प्रयोग आणि ए. के. राइस यांनी १९५३ मध्ये अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये स्वयंचलित मागांच्या खात्याची केलेली पुनर्रचना हे त्यातील परिचित टप्पे होत. दोन्ही ठिकाणी कामाची जागा निश्चित होती, वेळ ठरलेली होती व देखरेख करणारा समोर होता. या विषयाचा व्यवसाय करू इच्छिणाऱ्याचे शिक्षणही बव्हंशी याच गृहीतावर उभे असते. भंडारा जिल्ह्यातील विडी-व्यवसायाच्या इतिहासात हे गृहीत टिकत नाही.

या जिल्ह्यात, ज्यात १९९९ पर्यंत गोंदियाचाही समावेश होता, तेंदूच्या पानांची विपुलता आणि शेतीच्या हंगामाबाहेर रिकामे राहणारे मनुष्यबळ यांच्या आधारावर विडीचा धंदा वाढला. तंबाखू बाहेरून येई. काही काम कारखान्यात चाले. परंतु पुष्कळसे सट्टेदारांमार्फत होई. सट्टेदार मालकाकडून पाने व तंबाखू घेई, ती घरोघर वाटी आणि वळलेल्या विड्या गोळा करून मालकाकडे पोचवी. मजुरी हजार विड्यांमागे ठरे. घरी विड्या वळणाऱ्यांत स्त्रियांची संख्या मोठी होती. स्वयंपाक, मुले आणि विडी ही तिन्ही कामे एकाच ओसरीवर चालत. त्यामुळे कामाचा दिवस कोठे सुरू झाला व कोठे संपला हे सांगणे कठीण होते.

वरवर पाहता हे स्वातंत्र्यच होय. तथापि नियंत्रण नाहीसे झालेले नव्हते. त्याचे स्थान तेवढे बदलले होते. कारखान्यात जे काम मुकादमाची नजर करी, ते येथे ‘छाट’ करी. आणलेल्या विड्यांपैकी सदोष ठरलेल्या विड्यांची मजुरी मिळत नसे, आणि सदोष कोणती हे घेणारा ठरवी. दिलेल्या पानांत हजार भरले नाहीत तर उणीव बहुधा कामगारालाच भरून काढावी लागे. कामाच्या प्रमाणात वेतन हे प्रेरणेचे साधन मानले जाते. परंतु मोजमापावर विश्वास नसेल तर तेच वेतन संशयाचे कारण होते. शिवाय मोजणीच्या वेळी कामगार एकटा असे. अहमदाबादेत राइस यांनी विणकरांच्या लहान गटाकडे ठरावीक मागांची एकत्रित जबाबदारी सोपविली, तेव्हा उत्पादन वाढले व खराब कापडाचे प्रमाण घटले. विडीच्या घरगुती व्यवस्थेत असा गट बनण्यास जागाच नव्हती.

आश्चर्याची गोष्ट अशी की, या प्रश्नाचे पृथक्करण मानसशास्त्रज्ञांपेक्षा न्यायालयांत अधिक झाले. चिंतामणराव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्ये सट्टेदार हे स्वतंत्र कंत्राटदार असून कारखान्याचे कामगार नव्हेत असे ठरविले. नागपूरच्या विडी-कारखान्यासंबंधीच्या बिरधीचंद शर्मा खटल्यात मात्र, कामगार आपल्या सोयीने येत-जात असले तरी कामाची जागा आणि विड्या नाकारण्याचा अधिकार मालकाकडे आहे, म्हणून ते कामगारच होत, असा निर्णय झाला. लवकरच सिन्नरच्या कारखान्यातून उद्भवलेल्या शंकर बालाजी वाजे खटल्यात बहुमताने विरुद्ध निष्कर्ष काढला. त्या कामगारावर वेळेचे अथवा विड्यांच्या संख्येचे बंधन नव्हते, हे त्यात निर्णायक मानले गेले, न्या. सुब्बाराव यांनी भिन्न मत नोंदविले. कार्यस्वातंत्र्य आणि अवलंबित्व एकाच माणसाच्या ठिकाणी कसे नांदतात, हाच या तिन्ही खटल्यांचा गाभा होय. भंडाऱ्यातील कामाची रचना याच जातीची असल्याने हे निर्णय तेथील कामगारालाही तितकेच महत्त्वाचे होते.

१९६६ च्या विडी व सिगार कामगार अधिनियमाने ही कोंडी फोडली. घरी विड्या वळणाऱ्यासही ‘कर्मचारी’ या व्याख्येत स्थान मिळाले. कच्च्या मालाचे वाटप, विड्या नाकारणे व नाकारलेल्या विड्यांची मजुरी यांसंबंधीचे तंटे संक्षिप्त पद्धतीने मिटविण्याची तरतूदही त्यात झाली. छाट हा केवळ मालाच्या प्रतीचा प्रश्न नसून न्याय्य वागणुकीचा प्रश्न आहे, याची ती अप्रत्यक्ष कबुलीच होती. १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा वैध ठरविला.

याच जिल्ह्यात चिखला व डोंगरी बुजुर्ग येथील मँगनीजच्या खाणी आणि जवाहरनगरचा आयुध-निर्माणी कारखाना आहेत. निवड-कसोट्या, अपघात-प्रतिबंध, पर्यवेक्षकांचे प्रशिक्षण ही औद्योगिक मानसशास्त्रज्ञाची नेहमीची कामे तेथे सहज लागू पडतात. विडीच्या ओसरीवर त्यांतील फारच थोडी उपयोगी पडतात. तेथे प्रथम पाहावयाचे ते हे की, काम कोण मोजतो, नाकारण्याचा अधिकार कोणाचा आहे, आणि नाकारल्यावर बोलण्याची सोय कोठे आहे. ज्या शास्त्राला हे प्रश्न विचारता येत नाहीत, त्याच्या अभ्यासातून येथील श्रमजीवींचा मोठा भाग वगळला जातो.