ड्युटी संपल्यावरचे शहर

मुळशी तालुक्यातल्या एखाद्या घरातली मुलगी किंवा मुलगा एमबीबीएस होऊन पुढे एमडीला पुण्या-मुंबईत लागला, की घरच्यांचा आनंद दोन दिवस टिकतो. तिसऱ्या दिवशी काळजी सुरू होते. "सुट्टी मिळाली की नाटक-सिनेमे बघत फिरतो म्हणे, वाया तर जाणार नाही ना?" आपल्या मुस्लिम घरांत ही काळजी अंमळ जास्तच, आणि मुलगी असेल तर विचारूच नका.

महानगराच्या झगमगाटाकडे मुळशीकराने संशयाने बघावे, याला इतिहासही आहे. टाटांच्या धरणाविरुद्ध १९२१ साली इथे सत्याग्रह झाला. सेनापती बापट तुरुंगात गेले, गावे पाण्याखाली गेली आणि वीज मुंबईला गेली. शहराचे दिवे आपल्या पाण्यावर पेटतात हे इथला माणूस विसरत नाही. पण त्या उजेडात आपल्या मुलांनी बसायचेच नाही, हे मला पटत नाही.

'रेसिडेंट' म्हणजे निवासी. अमेरिकेत बाल्टिमोरचे जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय १८८९ मध्ये सुरू झाले. तिथे ऑस्लर, हालस्टेड यांच्या हाताखालचे तरुण डॉक्टर रुग्णालयातच राहत. नाव तिथून रूढ झाले आणि त्यासोबत अपेक्षाही: डॉक्टरने भिंतीबाहेर पाऊल टाकू नये. आपल्याकडे १९९२ च्या केंद्रीय निवासी योजनेने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. ती कागदावर किती आणि वॉर्डात किती पाळली जाते, हे कुठल्याही निवासी डॉक्टरला विचारा. आधी हसेल, मग सांगेल.

आता पुण्याचे बी. जे. मेडिकल कॉलेज बघा. शेजारचे ससून रुग्णालय बगदादहून आलेल्या ज्यू डेव्हिड ससून यांच्या देणगीतून १८६७ मध्ये उभे राहिले. कॉलेजला नाव आहे पारशी दानशूर बैरामजी जिजीभॉय यांचे. याच कॉलेजात शिकताना श्रीराम लागू रंगमंचावर आले. पुढे कान-नाक-घशाचे सर्जन झाले, पुण्यात प्रॅक्टिस केली, परदेशात जाऊन आणखी प्रशिक्षण घेतले. आणि १९६९ मध्ये पूर्ण वेळ नट झाले.

त्यांच्या मागून आले जब्बार पटेल. जन्म पंढरपूरचा, १९४२ चा, शाळा सोलापूरची. एक मुस्लिम मुलगा डॉक्टर व्हायला पुण्यात येतो आणि त्याला शहरात काय सापडते? पीडीएच्या तालमी आणि रात्री उशिरापर्यंत वाद घालणारे मित्र. १९६३ पासून पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिका स्पर्धेने तर कॉलेजा-कॉलेजांत नाटकाचे वारे भरले होते. पटेल बालरोगतज्ज्ञही झाले, हे घरच्यांनी लक्षात घ्यावे. दौंडला पती-पत्नी दोघांनी दवाखाना चालवला.

१६ डिसेंबर १९७२ ला पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग झाला. लेखक तेंडुलकर, दिग्दर्शक जब्बार पटेल, नाना फडणवीस झाले २५ वर्षांचे मोहन आगाशे. तेही बी. जे.चेच, पुढचे मानसोपचारतज्ज्ञ. पेशवाईतल्या पुण्याची लक्तरे पुण्यातच टांगणारे नाटक पंढरपूरच्या मुस्लिम डॉक्टरने बसवले होते. वादळ उठले, १९ प्रयोगांनंतर संस्थेने नाटक थांबवले. या मंडळींनी १९७३ मध्ये थिएटर अकॅडमी काढली, आणि १९८० मध्ये हेच नाटक युरोपभर फिरवून आणले. त्यांच्यातले सतीश आळेकर बी. जे.मध्येच जीवरसायनशास्त्राची नोकरी करत होते.

उर्दूत 'शौक' म्हणजे ओढ, उत्कंठा. विद्येचाही शौक असतो, वस्लचाही. मराठीत येता येता तो शब्द चैनीच्या, कधी व्यसनाच्याही रांगेत जाऊन बसला. वर्गात हे शिकवताना मुलांना गंमत वाटते. पालकांशी बोलताना मात्र हा फरक जड जातो.

एक गोष्ट मात्र खरी. वर घेतलेली ही नावे सगळी पुरुषांची आहेत. नाइट ड्युटीवरून सुटलेला मुलगा स्टेशनबाहेर चहा पीत तासभर उभा राहिला, तर कुणी बघत नाही. त्याच वॉर्डातून सुटलेल्या मुलीला मात्र होस्टेलचे दार, घरचा फोन आणि रिक्षाचा भरवसा ही तीन गणिते आधी सोडवावी लागतात. म्हणून आमच्या भागातल्या एका अम्मीने मुलीबद्दल तोच प्रश्न केला, तेव्हा मी उलट विचारले, "आपा, तिला महिन्यातून एक तरी संध्याकाळ मोकळी मिळते का?" त्या म्हणाल्या, "विचारलं नाही कधी." त्याच रात्री त्यांनी फोन लावला.