चेनवरच्या लोडरची ओळख

घणसोली गाव आगरी-कोळ्यांचं. खाडी, मिठागरं आणि भातशेती यांवर इथली घरं चालली. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या खाजण जमिनींवर शहर उभं राहू लागलं. अशा ओल्या भुईत टायर रुततात. चेनवरचं यंत्र मात्र वजन पसरवत पुढे सरकतं.

कुठल्याही खोदयंत्राला आपल्याकडे सरसकट ‘पोकलेन’ म्हणतात. ते मुळात एका फ्रेंच कंपनीचं नाव. चेन लोडर निराळा. पोकलेन जागच्या जागी गिरकी घेतं, लोडरला भरलेली बकेट घेऊन अख्खं वळावं लागतं.

कॅटरपिलरने १९५१ मध्ये ट्रॅक्सन ही कंपनी विकत घेतली आणि त्याच दशकात चेन लोडरची ९५५ व ९७७ ही मॉडेलं आणली. त्यांत इंजिन पुढे, चालक मागे. १९८१ च्या ९७३ मध्ये इंजिन मागे गेलं. एवढ्यावरून पिढी कळते. नेमकं मॉडेल आकड्यापुढच्या अक्षरावरून आणि सिरियल नंबरवरून. रंगावर विसंबू नये, पिवळा हात कुणीही मारतो.

खरी पारख वाकूनच करावी लागते. स्प्रॉकेटचे दात झिजून टोकदार झालेत का, चेन किती लोंबते, पिन-बुश एका बाजूने खाल्लेत का, रोलरमधून तेल गळतं का? इंजिन गुळगुळीत चालत असलं तरी खालचा हा सांगाडा गेलेला असेल, तर दुरुस्तीचा खर्च यंत्राच्या किमतीलाही मागे टाकू शकतो.