तीन मिनिटांची तबकडी पुरावा म्हणून कशी ऐकाल?

सध्या जठारपेठेतल्या खोलीवर रात्री अब्दुल करीम खाँसाहेबांच्या (१८७२–१९३७) जुन्या तबकड्या ऐकतोय. भैरवीतली ‘जमुना के तीर’ तीनेक मिनिटांत संपते, तरी मन भरतं. पण यावरून ‘तेव्हा ठुमरी एवढीच गायची’ असं लिहू नका बरं! मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूवर साधारण तेवढंच मावायचं. मैफलीत तीच ठुमरी हवी तेवढी खुलवता यायची.

आणि जे तबकडीवर आलंच नाही त्याचं काय? भास्करबुवा बखले (१८६९–१९२२) यांचं एकही ध्वनिमुद्रण उपलब्ध नाही. नुसत्या तबकड्या मोजल्या, तर बालगंधर्व आणि मास्टर कृष्णराव यांचे गुरूच इतिहासातून गळतात.

म्हणून ऐकताना वहीत दोन रकाने आखा: काय ऐकू आलं, आणि काय ऐकू येणं शक्यच नव्हतं.