जीपचा आख : वजन कुणी पेलायचं आणि पीळ कुणी सोसायचा

आपल्याकडची तरणी पोरं हल्ली जुन्या जीपा घेतात, डोंगर-चिखलात घालायला तयार करतात, आणि पहिला खर्च करतात मोठ्या टायरांवर. माझं मत उलटं आहे. आधी आख बघा. आणि आख समजून घ्यायचा तर जीप जन्माला आली तिथवर मागं जावं लागतं.

बैलगाडीचा आख फिरत नाही. चाक त्याच्यावर फिरतं, आख नुसतं वजन पेलतो, ओढायचं काम बैलांचं. ट्रॉलीचंही तेच. इंजिनाच्या गाडीत मात्र चाकापाशी दोन कामं येतात, गाडीचं वजन पेलायचं आणि इंजिनाचा पीळ, म्हणजे टॉर्क, चाकापर्यंत न्यायचा. ही दोन्ही कामं एकाच शाफ्टवर टाकायची का वेगळी ठेवायची, इथंच सगळं येऊन थांबतं.

१९४० साली अमेरिकेच्या लष्कराला चारही चाकांना ओढ असलेली हलकी गाडी हवी होती. पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावच्या बँटम कंपनीनं काम घेतलं. नमुन्याची गाडी द्यायला मुदत होती ४९ दिवस. एवढ्यात नवा आख कोण घडवणार? म्हणून टोलेडोच्या स्पायसर कंपनीकडून स्टुडबेकर चॅम्पियन मोटारीचा आख फेरफार करून घेतला. २३ सप्टेंबर १९४० ला गाडी कॅम्प होलाबर्डच्या छावणीत पोचली, तेव्हा मुदत संपायला अर्धा तास उरला होता. पुढं विलिस आणि फोर्ड या दोघांनी मिळून युद्धात ६ लाखांवर जीपा बनवल्या. म्हणजे रणांगणावरच्या जीपच्या आखाचं मूळ एका साध्या घरगुती मोटारीत आहे!

मग तो टिकला कसा? मला दिसतं ते कारण असं. विलिस एमबीचा मागचा आख फुल फ्लोटिंग होता. त्यात हब दोन बेअरिंगांवर थेट हाउसिंगच्या नळीवर बसतो. वजन नळी पेलते, अगदी बैलगाडीसारखं. आतल्या शाफ्टला फक्त पीळ. शाफ्ट तुटला तरी चाक जागेवर राहतं, आणि पुढच्या चाकांची ओढ लावून गाडी घरी येते.

युद्ध संपलं आणि १९४५ ला विलिसनं सीजे-२ए काढली. ती मुद्दाम शेतकऱ्यासमोर ठेवली होती, मागं ड्रॉबार, मागणीप्रमाणं पीटीओ. आखाचा रेशो ४.८८ वरून ५.३८ केला, म्हणजे वेग कमी आणि ओढ जास्त. पण पहिल्या काही हजार गाड्यांनंतर मागचा आख बदलून सेमी फ्लोटिंग बसवला. सैनिकाला दिलेली सोय शेतकऱ्याच्या वाट्याला थोडाच काळ आली, हे मला तरी खटकतं. सेमी फ्लोटिंगमध्ये बाहेरचं टोक शाफ्टच पेलतो. पीळही त्याच्यावर, वजनही त्याच्यावर. बेअरिंगच्या बाहेर तुटला तर चाक तुकड्यासकट निसटतं. भरल्या गाडीत, उतारावर, मागं माणसं बसलेली असताना काय होईल ते तुम्हीच बघा.

आता मोठ्या टायरचं गणित. जीपचा मूळ ६.००-१६ टायर साधारण २८ इंच उंचीचा. त्या जागी ३३ इंची घातला, की जमिनीवर तेवढाच जोर लावायला शाफ्टला सुमारे १८ टक्के जास्त पीळ सोसावा लागतो. त्यात चिखलात गरगरणारं चाक एकदम खडकाला धरलं, तर तो झटका वेगळाच. बाहेर काढलेल्या रुंद रिमानं सेमी फ्लोटिंगच्या बेअरिंगवर आणखी तरफ बसते.

उलट बाजूनं, शाफ्टची जाडी फक्त १० टक्के वाढवली की पीळ सोसायची ताकद जवळजवळ एक तृतीयांश वाढते, कारण ती व्यासाच्या घनानं वाढते. म्हणून तर डाना ४४ जातीच्या आखात शाफ्टच्या टोकाचे दाते, म्हणजे स्प्लाइन, १० वरून १९ आणि पुढं ३० झाले, शाफ्टही जाड होत गेला. पैसे असतील तर क्रोम-मॉलीचा शाफ्ट घ्या. तरीही सेमी फ्लोटिंग तो सेमी फ्लोटिंगच राहतो. जास्त वजन वाहायचं असेल तर फुल फ्लोटिंगच बघा.

नळी वाकू नये म्हणून वर पट्टीचा ताण वेल्ड करतात. वेल्डिंगवाल्याला सांगा, सलग ओढू नको. थोडं इकडं, थोडं तिकडं, मधे गार होऊ दे, नाहीतर तापून नळीच वाकते. मधला गोळा बिडाचा असतो, नळ्या त्यात दाबून बसवलेल्या. तिथं वेल्ड करायचं तर आधी बीड तापवावं लागतं, आणि ते काम प्रत्येकाला येत नाही.

जुनी जीप घ्यायला जाल तेव्हा कागदावरच्या मॉडेलवरून आख ठरवू नका, कितीतरी गाड्यांचे आख आजवर बदललेले असतात. मागच्या चाकाची टोपी काढून बघा. मधोमध एक मोठा नट आणि त्यात स्प्लिट पिन दिसली, तर सेमी फ्लोटिंग. गोल थाळी आणि तिच्याभोवती बोल्टांचं कडं दिसलं, तर फुल फ्लोटिंग. मग मागची बाजू जॅकवर उचला, चाक वर-खाली धरून हलवा, आणि हाताला ढिलेपणा लागला तर आधी बेअरिंग उघडायला लावा, भावाचं नंतर बोला.