परवाना मालकाचा की संगणकाचा?

विंडोज १० या कार्यप्रणालीसाठीचे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपुष्टात आले आणि अनेकांवर नवा संगणक घेण्याची वेळ आली. जुन्या संगणकावरील परवाना नव्यावर नेता येईल काय, हे त्या परवान्याच्या प्रकारावर अवलंबून असते.

संगणकासोबत मिळालेला 'ओईएम' परवाना त्या यंत्राशीच बांधलेला असतो. यंत्र विकल्यास तो नव्या मालकाकडे जातो. यंत्र भंगारात गेल्यास त्याचा उपयोगही संपतो. स्वतंत्रपणे विकत घेतलेला 'रिटेल' परवाना मात्र दुसऱ्या संगणकावर नेता येतो. तो एका वेळी एकाच संगणकावर वापरावा, अशी अट असते.

स्थलांतरापूर्वी पंचवीस अक्षर-अंकांची 'प्रॉडक्ट की' नोंदवून ठेवावी आणि जुन्या संगणकावरून ती काढून टाकावी. परवाना डिजिटल स्वरूपाचा असल्यास तो आधी मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडावा. ही सोय विंडोज १० मध्ये २०१६ पासून उपलब्ध झाली. जुना संगणक सुरू असतानाच ही कामे उरकणे हिताचे. तो बंद पडल्यावर विकत घेतलेला परवानाही हाती लागणे कठीण होते.