यंत्राची बाकी आणि माणसाचा शब्द

विद्यार्थ्याचे उत्तर पुस्तकातल्या उत्तराशी जुळले नाही, तर चूक कोणाची? बहुधा विद्यार्थ्याचीच. पण कधीकधी पुस्तकातही चुकीचे उत्तर छापलेले असते, हे शिक्षकांना अनुभवाने ठाऊक असते. म्हणून आपण म्हणतो, "कसे केलेस ते दाखव पाहू." ब्रिटनच्या पोस्ट ऑफिसने ही साधी गोष्ट बरीच वर्षे केली नाही. त्याची किंमत शेकडो कुटुंबांनी मोजली.

ब्रिटनमधली बहुतेक छोटी पोस्टे किराणा दुकानाच्या एका कोपऱ्यात चालतात. ती चालवणारा पोस्टमास्तर पगारी नोकर नसतो, करारावर काम करतो. पेन्शन घ्यायला येणाऱ्या वृद्धांना तो नावानिशी ओळखतो. पूर्वी हिशेब कागदावर असे. रोकड आणि तिकिटे मोजायची, बाकी काढायची. जुळली नाही तर मागची पाने उलटून चूक शोधायची.

1999 पासून 'होरायझन' ही संगणक प्रणाली आली. आता बाकी संगणक सांगू लागला. ती कशी आली हे शोधण्याची सोय मात्र पोस्टमास्तरांकडे फारशी उरली नाही. प्रणालीत दोष होते. 2015 मध्ये स्कॉटलंडमधल्या डालमेलिंग्टन इथे उघडकीस आलेला एक दोष पाहा. 8,000 पौंड रोकडीची नोंद करताना पडदा गोठला, म्हणून कळ पुन्हा पुन्हा दाबली गेली. संगणकाने तीच रक्कम चार वेळा नोंदली, म्हणजे 32,000 पौंड! न घडलेल्या व्यवहाराची 24,000 पौंडांची तूट कागदावर उभी राहिली.

तूट दिसली की पोस्ट ऑफिस ती पोस्टमास्तरकडून वसूल करू पाही. अनेकांनी घर गहाण टाकून पैसे भरले. मदतीसाठी फोन केला तर पुष्कळांना उत्तर मिळे की, अशी तक्रार दुसऱ्या कोणाचीच नाही. 1999 ते 2015 या काळात 900 हून अधिक जण चोरी, खोटे हिशेब अशा गुन्ह्यांत दोषी ठरले. काही तुरुंगात गेले. योगायोग असा की, संगणकाचा पुरावा देताना तो नीट चालत होता हे दाखवण्याची इंग्लंडच्या कायद्यातली जुनी अट 1999 च्या कायद्याने रद्द झाली होती. त्यामुळे संगणक बरोबर आहे हे न्यायालयात गृहीत धरले जाई आणि तो चुकला हे दाखवण्याचे ओझे आरोपीवर येई. पण तपासायच्या नोंदी तर पोस्ट ऑफिस आणि प्रणाली पुरवणारी फुजित्सू कंपनी यांच्याकडे होत्या.

इथे थोडे गणित करू. समजा, एखादी प्रणाली लाखात एकदाच चुकते. उत्तमच! पण रोज 10 लाख व्यवहार होत असतील तर रोज 10 चुका होणार, आणि प्रत्येक चूक कोणाच्या तरी खात्यावर पडणार. शिवाय चौकशी सगळ्या पोस्टांची होत नाही, तूट दिसते तिथलीच होते. या निवडलेल्या प्रकरणांत यंत्राच्या चुकीचे प्रमाण एकूण व्यवहारांतल्या प्रमाणापेक्षा कितीतरी जास्त असू शकते. 'यंत्र सहसा चुकत नाही' हे खरे असले, तरी 'या खेपेला चुकले नाही' हे त्यावरून सिद्ध होत नाही.

2009 मध्ये 'कॉम्प्युटर वीकली' या नियतकालिकाने सात पोस्टमास्तरांच्या हकिकती छापल्या. एकाकी पडलेले लोक अॅलन बेट्स या माजी पोस्टमास्तरांच्या पुढाकाराने एकत्र आले. 555 जणांच्या दाव्यात, डिसेंबर 2019 मध्ये, प्रणालीत दोष असल्याचे उच्च न्यायालयाने मान्य केले. 2021 मध्ये 39 जणांची शिक्षा एकाच दिवशी रद्द झाली आणि 2024 मध्ये संसदेने खास कायदा करून उरलेल्या शेकडो जणांना दोषमुक्त केले. पण काही जण हे पाहायला जिवंत नव्हते. 13 जणांनी या छळापायी आत्महत्या केली असावी, अशी शक्यता 2025 च्या चौकशी अहवालात नोंदली आहे.

होरायझन ही कृत्रिम बुद्धिमत्ता नव्हती. ती फक्त बेरीज-वजाबाकी करी. तिची प्रत्येक पायरी तज्ज्ञाला तपासता आली असती. आजची कृत्रिम बुद्धिमत्ता असंख्य उदाहरणांवरून शिकते. ती एका उत्तरापर्यंत कशी पोहोचली, हे तिच्या निर्मात्यांनाही पुष्कळदा सांगता येत नाही. कॅनडात एअर कॅनडाच्या संकेतस्थळावरील संवादयंत्राने एका प्रवाशाला सवलतीचा चुकीचा नियम सांगितला. त्याच्या बोलण्याला आम्ही जबाबदार नाही, असा बचाव कंपनीने केला. 2024 मध्ये तिथल्या न्यायाधिकरणाने तो फेटाळला आणि प्रवाशाला भरपाई देण्यास सांगितले.

यंत्र वापरू नये, असा याचा अर्थ नाही. लाखो हिशेब माणसाने हाताने करावेत असे कोण म्हणेल? पण यंत्राचे उत्तर आणि समोरच्या माणसाचा शब्द जुळत नाही, तेव्हा कोणीतरी थांबून दोन्ही बाजू तपासायला हव्यात, आणि निर्णयाखाली सही माणसाची हवी. "कसे केलेस ते दाखव पाहू," हे आपण विद्यार्थ्याला सांगतो. तेच आता यंत्रालाही सांगायला हवे. दाखवता आले नाही, तर त्याच्या उत्तरावर कोणाला शिक्षा होता कामा नये.